एकावर एक दोन गास्केट

पेठ वडगावात कुणालाही विचारा, नागसेन मिस्त्री कसा माणूस आहे, तर म्हणतील, कामाला वाघ, पण बोलायला महाकंजूस. पूर्वी तो असा नव्हता. पूर्वी बोलून बोलून गिऱ्हाइकाचं डोकं उठवायचा. गाडी शेडमध्ये शिरायच्या आधी आवाजावरून दुखणं सांगायचा आणि वर विचारायचा, "पैज लावताय काय पावणं?" तो नागसेन दोन हजार चार सालच्या जानेवारीत संपला. उरला तो हा, चहा पितानाही कपाकडं बघून पिणारा.

आईबाप लवकर गेले. थोरल्या भावानं, जयसिंगनं, त्याला वाढवलं. जयसिंग शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होता, ओतकामाचे मातीचे साचे भरणारा. ओतीव लोखंडाचा भाग पेटीतून निघाला की तो त्यावर हातोडीनं हलकं ठोकायचा आणि कान लावायचा. खणखणीत वाजला तर चांगला. बद्द वाजला तर आत कुठंतरी भेग किंवा पोकळी, मग तो परत भट्टीत. बावीस वर्षं त्यानं हे केलं. घरात नवं मडकं आणलं तरी वाजवून घ्यायचा आणि त्याची बायको शालन म्हणायची, "आता मलाबी वाजवून बघा एकदा."

दोन हजार एक साली त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी भट्टीचं काम बंद करायला लावलं. वर बजावलं, परत कळ आली तर गोळी जिभेखाली ठेवायची आणि अर्ध्या तासाच्या आत कोल्हापुरात पोचायचं. जयसिंगनं फंडाचे पैसे आले तसे एक जुनी मारुती घेतली. लोकांना वाटलं, हौस. तो म्हणायचा, "ही गाडी न्हवं, माझी औषधाची बाटली हाय." गाडी चालवायची नागसेननं. लग्नाकार्याला भाड्यानं जाऊ दे, पण कुठंही गेली तरी दिवस मावळायच्या आत दारात हवी आणि रस्त्याकडं तोंड करून उभी हवी. एवढा एकच नियम. वडगाव ते कोल्हापूर, ती गाडी सावकाश गेली तरी पंचवीस मिनिटांत पोचत होती. म्हणजे औषधाची बाटली पुरेशी होती. पण पुरेसं कुणाला पुरलंय?

त्या वर्षांत हायवेच्या चौपदरीकरणाचं काम चालू होतं. नव्या डांबराचा एक पट्टा तयार होता, पण वाहतुकीला खुला नव्हता. रविवारी सकाळी वडगावची हौशी पोरं तिथं गाड्या पळवायची. ऊसवाल्या घरातला उदयसिंह मुंबईहून सगळं साहित्य मागवून गाडीला टर्बो बसवून आला आणि नागसेनची मारुती दर रविवारी मागं पडायला लागली. उदयसिंह तसा मनानं वाईट नव्हता, पण जीभ मोकळी. म्हणाला, "मिस्त्री, दुसऱ्याच्या गाड्या दुरुस्त करतोस आणि स्वतः मागनं धूळ खातोस व्हय?" सगळे हसले. नागसेनही हसला, पण ते त्याला लागलं. रात्रभर लागलं.

टर्बो म्हणजे काय, तर धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याच्या जोरावर दुसऱ्या पंख्यानं इंजिनात हवा कोंबायची. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. ऐकायला सोपं. पण जे इंजिन आयुष्यभर स्वतःच्या फुप्फुसानं श्वास घेत आलंय, त्याच्या नरड्यात जबरदस्तीनं हवा कोंबली तर आतला दाब त्याला झेपत नाही. मग पिस्टन बदला, पेट्रोल वाढवा, पाणी थंड करायची जाळी मोठी घाला. टर्बो स्वस्तात मिळतो, त्याच्यामागची वरात महाग पडते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच.

नागसेनला पुण्याच्या जुन्या बाजारात एका जपानी गाडीचा छोटा टर्बो सापडला. तो घरी आणून त्यानं भावाला दाखवला. मनातलं कारण पट्ट्यावरचं होतं, पण तोंडानं म्हणाला, "दादा, हे बसवलं की पंधरा मिनिटात कोल्हापूर. तुझ्यासाठीच करतोय."

खोटं बोलतोय असं त्याला स्वतःलाही वाटलं नाही. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा मन लावून फसवतो.

जयसिंग तर हरखून गेला. इंजिनातून धूर टर्बोत न्यायला लोखंडाची तीन तोंडांची नळी लागते, मॅनिफोल्ड म्हणतात तिला. बाजारात ह्या गाडीसाठी ती मिळत नव्हती. जयसिंग म्हणाला, "ती मी करतो." दोन वर्षांनी तो पहिल्यांदा फाउंड्रीत गेला. जुन्या सोबत्यांनी त्याला भट्टीजवळ जाऊ दिलं नाही, पण माती त्यानं स्वतः भरली. नळी निघाली, थंड झाली, तशी त्यानं हातोडी मारली. खणखणीत. घरी आणून शालनसमोर परत वाजवली. त्या आठवड्यात त्याच्या चेहऱ्यावर जी कळा होती ती आजारपणानंतर कधी दिसली नव्हती.

"आणि पिस्टन बदललंस न्हवं? दाब वाढणार म्हंतोस," त्यानं विचारलं.

"व्हय. नवी घातली."

घातली नव्हती. तसली पिस्टन मिळायची तर ऑर्डर देऊन, आणि तेवढी नागसेनची ऐपत नव्हती. भावाकडं मागायची हिंमत नव्हती. मग त्यानं गरिबाची युक्ती केली. इंजिनाच्या डोक्याखाली एक गास्केट असतं, सांध्यातून दाब सुटू नये म्हणून घातलेला पातळ पत्रा, त्याच्या जागी त्यानं एकावर एक दोन घातली. डोकं थोडं वर उचललं, आतली जागा वाढली, दाब तेवढा कमी झाला. नाकापेक्षा मोती जड झाला होता, म्हणून ह्या गड्यानं नाकच वर बांधलं. ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते सयाजी मिस्त्री बघायला आले. त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं, बघितलं आणि म्हणाले, "अर्धं मिनिट पळवायची असंल तर टिकंल. त्याच्या फुडं माझं नाव घिऊ नगंस."

पट्टा अर्ध्या मिनिटाचाच होता. दुसऱ्याच रविवारी टर्बोची शिट्टी वाजली आणि मारुती उदयसिंहाच्या पुढं गेली. पोरांनी नागसेनला खांद्यावर घेतलं. जयसिंग रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसला होता. घरी येताना त्यानं पुन्हा पुन्हा एकच विचारलं, "शिट्टी ऐकलीस नव्हं? माझ्या नळीतनं गेला सगळा धूर." चार-पाच रविवार असे सुखाचे गेले. सुखाचे होते, हे कबूल करायला पाहिजे.

मग ती जानेवारीतली सकाळ. जयसिंग दात घासून चहाला बसला आणि कप तसाच खाली ठेवला. शालननं गोळी जिभेखाली ठेवली. गाडी दारात होती, रस्त्याकडं तोंड करून. दोन मिनिटांत ते निघाले. मागच्या सीटवर शालन आणि तिच्या मांडीवर जयसिंगचं डोकं.

हायवेला लागेपर्यंत नागसेननं गाडी जपून चालवली. हायवेला लागल्यावरही जपूनच. साठाच्या आत, टर्बोची शिट्टी वाजायच्या आत. उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती, पण त्यातून वाट मिळत होती. त्यानं मनात हिशेब धरला होता, असंच गेलं तर गाडीला काही होत नाही आणि पंचवीस मिनिटांत आपण दवाखान्याच्या दारात. हिशेब बरोबर होता. आजही तो बरोबरच निघतो.

मागून जयसिंगचा आवाज आला, दबका. "नागू, शिट्टी का वाजंना रं?"

नागसेननं काटा साठाच्या आतच ठेवला.

"दाब की गड्या. पिस्टन नवी हायत न्हवं?"

"भावजी, दाबा की," शालन म्हणाली. "कशाची वाट बघताय?"

आता सांगायचं तर एकच वाक्य होतं. दादा, पिस्टन नवी नाहीत, गाडी एवढीच पळेल. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलं. आरशात त्याला भावाचे मिटलेले डोळे दिसत होते आणि कान मात्र उघडे होते, ते कान जे लोखंडातली भेग ओळखायचे. नागसेनला लाज वाटली. मरणाच्या दारात असलेल्या भावापुढंही माणसाला लाज वाटते, काय म्हणावं याला. त्यानं वाक्य गिळलं आणि पाय दाबला.

शिट्टी वाजली. गाडी उसाच्या ट्रॉल्या मागं टाकत निघाली. जयसिंगच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं, असं शालन नंतर सांगायची. अर्धं मिनिट गेलं, एक गेलं, दोन गेली, तीन. शिरोलीच्या अलीकडं, जिथून फाउंड्रीची धुराडी दिसतात, तिथं बॉनेटखालून पांढरी वाफ उसळली. जोर गेला. गाडी कडेला लागली आणि बंद पडली.

जयसिंगनं डोळे उघडले नाहीत. फक्त म्हणाला, "बद्द वाजलं." त्यानंतर तो बोलला नाही.

नागसेन रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात करत होता. तिसरं की चौथं वाहन थांबलं, दुधाचा टेम्पो. कॅन सरकवून जयसिंगला आडवं केलं. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. दवाखान्यात डॉक्टरांनी बराच वेळ झटून बघितलं. दुपारी बाराला जयसिंग गेला. वेळेत आणला असता तर वाचला असता का, हे नागसेननं डॉक्टरांना विचारलं नाही. उत्तराची भीती होती, दोन्ही उत्तरांची.

जयसिंगच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, माणसं जेवली, आणि जेवता जेवता कुणीतरी म्हणालं, गाडी नेमकी त्याच दिवशी कशी बंद पडली? शालन आतून बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "माझ्या भावजींना कुणी बोलायचं न्हाय. त्यांनी ह्यांच्यासाठी गाडीत सगळं नवीन घातलं होतं. पिस्टनसुदिक नवी. आमचंच नशीब फुटकं."

नागसेन मोरीजवळ जाऊन उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात सयाजी मिस्त्रींनी इंजिन उघडलं. जुनीच पिस्टन, धडधाकट. दोन्ही गास्केट दोन सिलिंडरांच्या मधे जळून आरपार गेलेली. मॅनिफोल्डवर मिस्त्रींनी पान्हा मारून बघितला. खणखणीत. जयसिंगचं काम टिकलं होतं. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "अर्ध्या मिनिटाची गोष्ट होती, लेका," आणि निघून गेले. त्यांनी ते गावात कधी सांगितलं नाही. गाडी भंगारात गेली. जळलेली गास्केट मात्र नागसेननं टाकली नाहीत. घराच्या पत्र्याखाली, वाशाच्या बेचक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवून दिली. का ठेवली, त्याचं त्याला माहीत.

पाच वर्षं शालन ते वाक्य बोलत राहिली. पावणं आले, जुनी ओळखीची माणसं आली, विषय निघाला की ठरलेलं. भावजींनी सगळं नवीन घातलं होतं. प्रत्येक वेळी नागसेन उठून शेडमध्ये जायचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटायचं. लोकांनी बघितलं ते एवढंच, की मिस्त्री हल्ली बोलत नाही.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात घराचे पत्रे बदलायला काढले. शालननंच ती पुडी वाशातून काढली. कागद उलगडला आणि ती अंगणात आली.

"भावजी, हे काय?"

"गास्केट हाय. इंजिनातलं."

"कुठल्या गाडीचं?"

"आपल्या."

तिनं दोन्ही हातांत एक-एक धरलं. दोन्हींना एकाच जागी जळकं भोक. मोल्डरची बायको, मिस्त्रीची भावजय, तिला एवढं कळत होतं. "एका गाडीला एकच बसतं नव्हं?"

"व्हय."

"मग?"

नागसेननं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पिस्टन, ऐपत, एकावर एक घातलेली दोन, साठाच्या आत का चालवत होता ते, आणि तोंडाशी आलेलं ते एक वाक्य. पाच वर्षांत तो एवढं बोलला नव्हता. सांगून झाल्यावर शालननं गास्केट परत कागदात गुंडाळली, त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "दाबा म्हणून मीच म्हणाले नव्हं का." आणि पत्रेवाल्या गड्यांना चहा ठेवायला आत गेली.

भांडण नाही, अबोला नाही. जेवायला ती आजही त्यालाच आधी वाढते. त्या वर्षीच्या दिवाळीत जयसिंगचे जुने सोबती फाउंड्रीतून आले होते. बोलता बोलता एकजण हळहळला, गाडीनं ऐन वेळी दगा दिला बघा. नागसेन सवयीनं उठायला लागला, आणि मग थांबला. ज्या वाक्यानं त्याला पाच वर्षं भाजलं होतं, ते आता त्याला ऐकायचं होतं. वहिनीनं एकदा, खोटं का होईना, म्हणावं. तो उंबऱ्यात तिच्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

शालननं पावण्यांच्या पुढं बशी सरकवली. "चहा घ्या," ती म्हणाली, "निवतोय."