भोंग्याला गाल नसतात

शेठनं कापडाच्या खात्यातल्या सगळ्यांना फाफडा-जलेबी खाऊ घातली, तेव्हाच धुडकूच्या मनात पाल चुकचुकली. फाफडा त्यानं सोडला नाही, जलेबीही दुसऱ्यांदा मागून घेतली. पण चावता चावता डोकं चालू होतं. जो माणूस कामगारांच्या चहासाठी मुद्दाम जाड बुडाचे ग्लास शोधून आणतो, तो दसरा नाही, दिवाळी नाही, आणि आज मिठाई वाटतो? बोकडाला हिरवा पाला कोण घालतं आणि कधी घालतं, हे धुडकूला गावच्या बाजारात लहानपणीच कळलं होतं.

जलेबी संपल्यावर शेठनं एका तरण्या माणसाला पुढं केलं. निळा टीशर्ट, गळ्यात शिट्टी, पायात नवे कोरे बूट. हा सेफ्टीवाला साहेब. तो सांगू लागला, की आगीचा काही भरवसा नाही, तेव्हा आता रोज पाळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी अंगणात थोडी कसरत करायची, म्हणजे वेळेला पाय उचलतील. आणि आग लागली तर बाहेर कसं पडायचं याचीही तालीम होणार. गच्चीवर भोंगा बसवलाय. एक दिवस तो वाजेल. कोणता दिवस ते सांगणार नाही. वाजला की साचे बंद करायचे, वाकून, नाकाला रुमाल लावून बाहेर पडायचं आणि फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली जमायचं. जो आत राहील त्याचं काय, असं कुणीतरी विचारलं. तेव्हा शेठच बोलला, त्याचं मग वेगळं बघू.

हे सगळं धुडकूला कळलं ते डोळ्यांनी. ओठ बघून, हातवारे बघून, आणि उरलंसुरलं शेजारच्याच्या तोंडावरून. कारण धुडकूला ऐकू येत नव्हतं.

त्याच्या आधीची दोन पोरं आईच्या मांडीवरच गेली, म्हणून तिसऱ्याला कुणाची नजर लागू नये असं फाटक्या चिंधीचं नाव ठेवलं, धुडकू. शिंदखेड्याकडचं गाव सोडून तो मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आला तो सरळ उधन्यातल्या या खात्यात शिरला. खातं म्हणजे पत्र्याखाली ओळीनं मांडलेले साचे. यंत्रमाग हा शब्द पुस्तकातला, इथं सगळे साचाच म्हणतात. एकेका साच्याचा धोटा इकडून तिकडं आपटतो तो आवाज असा, की नवा माणूस पहिल्या दिवशी बाहेर येऊन ओकतो. धुडकूही ओकला होता. नंतर सवय झाली, आणि सवयीबरोबर कान गेले. एका दिवसात नाही गेले. आधी पहाटेचा कोंबडा गेला, मग कुकरची शिट्टी, मग रिक्षाचा हॉर्न. डिंडोलीच्या घरी त्याची बायको मालतीबाई ताट जमिनीवर आपटून त्याला जेवायला बोलावू लागली, म्हणजे तिनं ओळखलं होतं. त्यानं मात्र कबूल केलं नाही.

खात्यात कुणाला कळायचं कारणच नव्हतं. तिथं ऐकू येणारा आणि न येणारा एकाच मापाचे. सगळं बोलणं हातानं. डोक्यावर हात ठेवला की शेठ आला. दोन बोटं ओठाला, म्हणजे बिडी. मनगट फिरवलं की साचा बंद कर. बाहेरच्या जगात धुडकू हरवायचा, लोक हसले की उगाच हसायचा, फोन आला की रेंज नाही म्हणून पोरीकडे द्यायचा. आत मात्र तो कुणाहून कमी नव्हता. साचा कुठं अडतोय ते त्याला तळपायातून कळायचं.

पण ज्याचे कान जातात त्याचा संशय वाढतो. चार माणसं ओठ हलवताना दिसली की ती आपल्याविषयीच बोलताहेत, असंच वाटतं. भाजीवाली काट्याकडं न बघता बाजूच्या बाईशी हसली, की धुडकूला वाटायचं, वांगी कमी भरली. डॉक्टर कंपाउंडरला काही म्हणाला, की वाटायचं, सुई पाण्याची देणार.

कसरत सुरू झाली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी टिंगल केली. एक जण म्हणाला, बारा तास साच्यांमागं धावतो तो काय गरबा असतो? पण साहेब चिडला नाही. हात वर, हात खाली, उठाबशा, जागच्या जागी धावणं, सगळं शिट्टीवर. धुडकूनं पहिल्याच दिवशी युक्ती काढली. शिट्टी वाजायच्या आधी साहेबाचे गाल फुगतात. गाल फुगले की हात वर. तो कधी चुकला नाही. उलट साहेबानं त्याची पाठ थोपटली, काका, तुमचं टायमिंग जवानासारखं आहे म्हणाला. धुडकू हसला आणि आतून जास्तच घाबरला. पाठ थोपटणारा हात खांदा चाचपतोय की काय, कुणी सांगावं.

कारण त्याला आता सगळं दिसू लागलं होतं. मागच्या गल्लीतल्या खात्यात नवी मशीनं आली होती, एका माणसाला कितीतरी मशीनं, आणि जुने कारीगर घरी. आपल्या शेठलाही ते करायचंय. पण माणसं काढायची तर निमित्त हवं. मग हा भोंगा. वाजवायचा, आणि कोण उठत नाही ते बघायचं. आग वगैरे सगळा बहाणा, ही चाळणी आहे. शिट्टीचं निभावलं, कारण तिच्यामागं माणूस असतो. भोंगा गच्चीवर. भोंग्याला गाल नसतात.

आणि त्यात निंबा.

निंबा मधल्या गल्लीच्या पलीकडं, बरोबर त्याच्या समोरच्या साच्यांवर. एकाच तालुक्यातला, बरोबरीचा. निंबाच्या वरातीत धुडकू नाचलेला. पण हल्ली काही दिवस धुडकू मान वर करायचा तेव्हा निंबा त्याच्याकडंच बघत असायचा. नजर भेटली की निंबा घाईनं तुटलेला तार, म्हणजे सुताचा धागा, जोडायचं नाटक करायचा. निंबाचा जावई गजेंद्र काम सुटून घरी बसलेला, हे धुडकूला माहीत होतं. दोनात दोन मिळवायला किती वेळ लागतो?

"तो मनाकडे देखत ऱ्हास," त्या संध्याकाळी तो मालतीबाईला म्हणाला. "दिनभर. माले काढीसन जावाईले घालाना शे त्याले."

मालतीबाईनं भाकरी तव्यावरच ठेवली आणि तोंड त्याच्याकडं वळवलं. त्याच्याशी बोलायचं तर ती तसंच बोलायची. निंबा भाऊजी तसा माणूस नाही, असं तिचं म्हणणं. आणि उपायही तिच्याकडं तयार होता.

"त्यालेच सांगी द्या ना सरळ. म्हना, भोंगा वाजना का माले हात कर."

"त्याले सांगू? मंग तर व्हयनंच काम."

मग तिनं शेजारच्या शांताबाईच्या नवऱ्यानं घेतलेल्या कानातल्या मशीनचा विषय काढला. धुडकू जेवणावरून उठला. कानात मशीन म्हणजे कपाळावर पाटी, हे त्यानं तिला आधी दहादा सांगितलं होतं.

पण पडल्या पडल्या त्यानं मालतीबाईचंच म्हणणं उलटसुलट करून पाहिलं. निंबाला हात करायला सांगितलं, तर तो भोंगा नसताना हात करील आणि आपण एकटेच लिंबाखाली जाऊन उभे राहू. तेव्हा हातावर भरवसा नको. पायांवर ठेवावा. भोंगा वाजला की निंबाला पळावंच लागेल. हात खोटं बोलेल, पाय बोलणार नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून धुडकूही निंबाकडं बघू लागला. गल्लीच्या अल्याड एक आणि पल्याड एक, दोघं एकमेकांवर डोळे रोखून उभे. तार तुटायचे आणि दोघांनाही उशिरा कळायचं. कापडात डाग आला, जाळी पडली. मास्तर, म्हणजे खात्याचा मुकादम, दोघांवर बोटं नाचवून गेला. सबंध आठवडा असा गेला. भोंगा काही वाजेना. धुडकूला वाटलं, मुद्दाम थकवताहेत.

मग गुरुवारी दुपारी, जेवणं होऊन डोळे जड झालेले असताना, धुडकूच्या साच्याचा धोटा उडाला.

धोट्याला दोन्ही टोकांना लोखंडी चोच असते. साच्यातून सुटला तर गोफणीच्या दगडासारखा जातो. तो धुडकूच्या कानाजवळून गेला, वारा गालाला लागला. धुडकू दचकून गल्लीत उडी मारून आला आणि त्याच झटक्यात त्यानं हातातलं हँडल ओढून साचा बंद केला. मान वर केली तर समोर निंबा आपले साचे भराभर बंद करत होता. रुमाल नाकाला, कंबर वाकवलेली, आणि निंबा पळाला.

वाजला, धुडकूच्या मनात आलं. पायांनी सांगितलं.

तोही वाकून पळाला. त्यांच्यामागं ओळ पळाली, ओळीमागं खातं. पायाखालची जमीन थरथरायची थांबली, त्यावरून धुडकूला कळलं, की सगळे साचे बंद पडलेत. लिंबाखाली जो तो धापा टाकत, छाती काढून उभा. बघा म्हणावं, एकही आत राहिला नाही. धुडकूच्या अंगावरून ओझं उतरलं होतं. त्यानं निंबाकडं पाहिलं. निंबाही त्याच्याकडं बघून हसला, पहिल्यांदाच नजर न चुकवता.

ऑफिसातून साहेब बाहेर आला. हातात अर्धं बिस्कीट. त्यानं सगळ्यांना पाहिलं, गच्चीकडं पाहिलं आणि काहीतरी बोलला. धुडकूनं ते ओठांवरून नीट वाचलं.

"में वगाड्युं ज नथी."

मी वाजवलेलाच नाही.

पुढं जे झालं ते धुडकूला फार दिवस आठवत राहिलं. एक जण पुढं होऊन म्हणाला, साहेब, भोंगा वाजला, मी माझ्या कानानं ऐकला. दुसरा म्हणाला, दोनदा वाजला. तिसऱ्यानं तो कसा वाजला तेही तोंडानं करून दाखवलं. साहेब बिस्कीट हातात तसंच धरून ऐकत राहिला.

तेवढ्यात शेठ आला, आणि त्याचा चेहरा बघून सगळे मागं सरकले. बंद साचे त्याला आगीहून वाईट दिसतात. त्याला पहिला संशय हडतालीचा आला. कुणाच्या शिकवण्यावरून हे चाललंय, बाहेरचा कोण येऊन भेटला, असं तो मास्तरला विचारू लागला. मास्तरनं हात झटकले. मग शेठ गर्दीकडं वळला.

"पहले कौन निकला? जो पहले निकला, वो कल से नहीं आएगा."

एकेक मान निंबाकडं वळली. निंबा जमिनीकडं बघू लागला.

धुडकूच्या डोक्यात तेव्हा कुठं गुंता सुटला. भोंगा वाजला नव्हता. मग निंबा कशावर पळाला? त्यानं दोन डोक्यांच्या मधून निंबाला हात केला. खात्यातल्याच भाषेत. बोट कानाला लावलं आणि पंजा उलटा केला. तुला ऐकू येत नाही?

निंबानं इकडंतिकडं पाहिलं. मग अगदी थोडी मान हलवली.

म्हणजे तो जे बघत होता ते हेरगिरी म्हणून नव्हे. तो धुडकूच्या उठण्याची वाट बघत होता. धुडकूनं गल्लीत उडी मारली, आणि त्याला वाटलं, वाजला.

आता गप्प राहिलं तर धुडकू सुटत होता. पळाला निंबा, सगळ्यांनी पाहिलेला. जाईल तर तो जाईल. पण धुडकू गर्दीतून पुढं आला.

"शेठ, पहले मैं कूदा. मेरा धोटा उड़ा. इसने मेरे को देखा, और भागा."

शेठ म्हणाला, धोटा उडाल्यावर सगळं खातं पळतं का? आणि भोंगा वाजला नाही हे तुला कळत नाही?

"मेरे को सुनाई नहीं देता, शेठ. बहोत साल हो गए."

हे वाक्य त्यानं मालतीबाईपुढंही कधी उच्चारलं नव्हतं. स्वतःच्या आवाजात ते कसं वाजलं, हेही त्याला कळलं नाही. निंबा त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानंही आपल्या कानाकडं बोट दाखवलं.

साहेबानं शेठला थांबवलं. तो ऑफिसात गेला. धुडकू गर्दीकडं बघत होता. अचानक कडेचे दोन-चार तरणे पोरगे दचकले, त्यांच्या माना गच्चीकडं गेल्या. बाकीच्यांनी त्या पोरांकडं पाहिलं, आणि मग त्यांच्याही माना वर गेल्या. कानानं ऐकल्याची शपथ घेणारा तर सगळ्यांच्या शेवटी वर बघत होता. भोंगा वाजत होता.

हे शेठनंही पाहिलं. त्याचे डोळे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं हळूहळू गेले. इतक्यांना काढलं तर साचे कोण चालवणार, हा हिशेब त्याच्या कपाळावर स्पष्ट उमटला. तो वळला आणि चालू करा असा हात करून आत निघून गेला. कुणाला काढतो की ठेवतो, काही म्हणाला नाही.

पाळी सुटल्यावर दोघं चहाच्या गाडीवर बसले, एकमेकांची तोंडं दिसतील असे.

"तू उठना का मी उठू, इतलंच ठरायेल व्हतं मी," निंबा म्हणाला.

"आनि मी तुना पाय देखू."

निंबा इतका हसला की चहा सांडला. मग धुडकूनं मनातलं विचारून टाकलं. जावयाला इथं चिकटवायचं होतं ना?

"गजेंद्र? तो ते चलथानले गया, साखर कारखानामा. मागला महिनामाच." निंबा ग्लास खाली ठेवून सावकाश, ओठ मोठे करून बोलला. "तुले सांगेल व्हतं मी. दोनदा."

धुडकूनं उरलेला चहा एका घोटात संपवला.

दुसऱ्या दिवशी तो पाळीच्या बराच आधी खात्यात आला. आपल्या साच्यांवर दुसरं कुणी उभं असेल, अशीच मनाची तयारी केलेली. कुणी नव्हतं. साचे होते तसे होते. कसरतीला साहेब नेहमीसारखा आला, शिट्टीबरोबर हातही वर करू लागला. खांबाखांबावर वायरमन लाल दिवे ठोकत होता. मास्तरनं सांगितलं, भोंग्याबरोबर हे पेटणार. शेठ एकदा गल्लीतून गेला, धुडकूपाशी थबकला, त्याच्याकडं बघून चक्क मान हलवली आणि पुढं गेला.

काढलं नाही. वर दिवेही लावले. वर मान हलवली. एवढं चांगलं वागायचं शेठला कारण काय?

त्यानं साचा चालू केला, जमीन पायाखाली थरथरू लागली. मग निंबाला हात करून दोन बोटं आपल्या डोळ्यांकडं नेली. लक्ष ठेव.

निंबानं हनुवटी उडवून विचारलं, कुणावर?

धुडकूनं बोट हवेत गोल फिरवलं. शेठ, साहेब, मास्तर, वायरमन, सगळे. निंबानं मान डोलावली आणि दाराच्या बाजूला तोंड केलं. धुडकूनं ऑफिसची बाजू घेतली. एकमेकांवरचे डोळे सुटले, आणि त्या दिवशी दोघांच्या कापडात एकही जाळी पडली नाही.