इंटरव्हल झाली का

आमच्या शहराने वस्तू हरवण्यात काही कसर ठेवली नाही. सुऱ्यांना धार लावणारा गेला, चौकातलं घड्याळ गेलं, कारंज्याचं तर पाणी आधी गेलं आणि कारंजं मागाहून. सिनेमाचं थिएटर मात्र पुरतं गेलं नाही, असं बॅटरीवाल्या आप्पांचं म्हणणं.

आप्पा तिथे डोअरकीपर होते. उशिरा येणाऱ्यांच्या पायापुढे बॅटरीचा उजेड पाडायचा आणि त्यांना खुर्चीपर्यंत न्यायचं, एवढंच काम. पण करायचे अशा थाटात की सिनेमा तेच दाखवताहेत. पुढे थिएटरचं सोफ्यांचं दुकान झालं. नव्या मालकाने खुर्च्या उपटल्या, उतार भरून जमीन सपाट केली आणि आप्पांना राखणीला ठेवून घेतलं. जमीन सपाट झाली, पण आप्पांचे गुडघे ऐकेनात. ते अजून उतारावरून चालल्यासारखे मागे रेलून चालायचे.

"आप्पा, जपून, घसराल," विक्रेते टोमणा मारायचे.

सोफे कसेही मांडा, गिऱ्हाईक बसलं की त्याची मान पडद्याच्या भिंतीकडे वळायची आणि बोलणं बंद. भिंतीवर होता नुसता पांढरा रंग.

आप्पांनी हे घरी सांगितलं, तिथेच चुकलं. "तिथे जुनी माणसं अजून येऊन बसतात," असंही बोलून गेले. मुलाचा घास हातातच राहिला.

"आप्पा, पुरे झालं आता. घरी बसा."

आप्पांना नोकरी जायची धास्ती होतीच. पण आपलं डोकं खरंच फिरलं असलं तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी सून मालकाशी बोलायला दुकानात आली. ती आत शिरते न शिरते तोच वीज गेली. खिडकी एकही नाही. डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा काळोख. आप्पांनी खिशातून बॅटरी काढली.

"धक्काबुक्की नको. माझ्या मागून या."

सुनेने त्यांची बाही धरली. मागे गिऱ्हाइकांची रांग. त्या भिंतीसमोरून जाताना सगळी माणसं कमरेत वाकली, मागच्यांना दिसावं म्हणून वाकतात तशी. सूनही वाकली, आणि तिने तर ते थिएटर कधी पाहिलंही नव्हतं.

इतक्यात बाजूने, कुणी खाली बसून बोलावं तसा, एका बाईचा आवाज आला.

"अहो, इंटरव्हल झाली का?"

"नाही बाई, अजून अवकाश आहे. बसून घ्या," आप्पा चालता चालता म्हणाले.

मागे खुर्चीची स्प्रिंग करकरली. जुन्या, उपटलेल्या खुर्च्यांची करकरायची तशीच.

बाहेर उन्हात आल्यावर सुनेने बाही सोडली नाही.

"आप्पा, आत एक बाई राहिल्या."

"तू ऐकलंस?"

"ऐकलं म्हणजे? त्या माझ्या कानाशीच बोलल्या."

आप्पांचा जीव भांड्यात पडला. तिचा कुठे पडला, तिलाच ठाऊक. मालकाला न भेटताच ती घरी परतली.

संध्याकाळी मुलाने विचारलं, "बोललीस का मालकाशी?"

"नाही. आप्पा जातील कामाला."

"अगं, पण कालच ठरलं ना आपलं?"

तिने पिशवीतून नवे सेल काढून आप्पांच्या हातावर ठेवले.

"बदलून घ्या, आप्पा. उजेड फार मंद झालाय. इंटरव्हल झाली म्हणजे त्या बाईंना बाहेर कोण आणणार?"