वायर दिसता कामा नये

“काका, ते प्लॅस्टिकचं काढा.”

विजेवर वाजणाऱ्या माझ्या ऑक्टोपॅडकडे बोट दाखवून तो म्हणाला. कार्यक्रम ठरवणारा मुलगा. मुंबईचा, तिशीतला, गळ्यात ओळखपत्र. मी स्टँड उभा करून वायर जोडत होतो. आमच्याच गावच्या किनाऱ्यावर, वाळूत, इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव मांडला होता.

“आपण ढोल मागवलाय तुमच्यासाठी. आणि हे घोंगडं घ्या खांद्यावर. फोटोत वायर दिसता कामा नये.”

ढोलाला झेंडूची माळ गुंडाळली होती.

“हा इलेक्ट्रॉनिकचा कार्यक्रम ना?” मी विचारलं.

“हो, पण तुमचा भाग वेगळा आहे ना काका. लोकल.”

समोर मोठ्या स्टेजवर एक पोरगा आवाजाची चाचणी घेत होता. त्याच्या आईबापाचा अलिबागला बंगला. त्याच्यापुढेही पॅडचीच पेटी. माझ्या पॅडपेक्षा नवी, पण प्रकार तोच, वर मारायचं, आवाज काढायचा. तिला कुणी प्लॅस्टिक म्हणत नव्हतं. मी त्याच्या बोटांवर जळलो. हात कच्चा होता त्याचा, मला कळत होतं. मग त्याच्या बुटांवर जळलो. त्याला ऊन लागू नये म्हणून एक माणूस छत्री धरून उभा होता. त्या छत्रीवरही जळलो.

पण मी तिथे पोचलो कसा, ते सांगायला हवं. तेच टाळत आलोय.

ती जागा माझी नव्हतीच. प्रज्ञाची होती. प्रज्ञा माझ्या चुलतभावाची मुलगी, आमच्याच बौद्धवाडीतली. पनवेलला नोकरी करते, सुट्टीला घरी येते, लॅपटॉपवर संगीत करते. हळदीचे ठेके घेऊन त्यातून असं काही बनवते की अंगावर काटा येतो. पहिला ठेका तिला मीच शिकवला. महोत्सवाच्या पोस्टरवर तिचं नाव आलं. सगळ्यांत खाली, बारीक. मी फोनवर दोन बोटांनी ते मोठं करून करून बघितलं. तिची आई पेढे घेऊन आली. मी खाल्ला, “छान झालं” म्हणालो. ती गेल्यावर बायको म्हणाली, “तोंड का असं? पेढा कडू हाय व्हय?”

उभी हयात मी दिघीपासून म्हसळ्यापर्यंत हळदी वाजवल्या. मला कुणी पोस्टरवर घेतलं नाही. हिला घेतलं. कालच्या पोरीला.

मग त्या ओळखपत्रवाल्या मुलाचा फोन आला. “काका, ती टॅलेंटेड आहे, पण ती आमच्यासारखीच वाटते हो. लॅपटॉपवाले आमच्याकडे ढीगभर आहेत. आम्हाला मातीतलं कुणीतरी हवंय. लोकलला एकच स्लॉट आहे.”

कुणाचा स्लॉट, ते मला लगेच समजलं. मी तिचं नावही घेतलं नाही. “येतो,” म्हणालो. फोन ठेवल्यावर बरं वाटलं. खोटं का सांगू, फार बरं वाटलं.

आणि आता हा झेंडू लावलेला ढोल. वेळ भर दुपारची, गेट उघडायच्या आधीची. ऐकायला माणूस नाही. नुसता कॅमेरा.

मी ढोल उचलला. पट्टा गळ्यात घातला. हेही सांगतो. घातला.

माझा बाप ढोल वाजवायचा. वरच्या आळीतल्या लग्नांत, मांडवाच्या बाहेर उभं राहून. त्यात हौस कसली? गावकीनं नेमून दिलेलं काम. सगळ्यांची जेवणं झाली की उरलेलं द्रोणात, लांबून. मग वाडीनं ठरवलं, बास. ह्यापुढे कुणाच्या दारात वाजवायचं नाही. बापानं ढोलाचं कातडं कापलं, खोड फोडून चुलीत घातलं. मला ठेक्याशिवाय करमायचं नाही, पण घरात ढोलाचं नाव काढायची सोय नव्हती. पुढे कंपनीत लागलो, जुना ऑक्टोपॅड घेतला, भीतभीत बापापुढे ठेवला. त्यानं त्यावरून हात फिरवला.

“कातडं न्हाय ह्याला?”

“न्हाय.”

“मग वाजव.”

त्याच वरच्या आळीच्या हळदीत मी मांडवाच्या आत बसलो. खुर्चीवर. आमचं इलेक्ट्रॉनिक ते हे.

पट्टा मानेत रुतला आणि बाप आठवला, हे खरं. पण त्याच्याही आधी प्रज्ञा आठवली. पोस्टरवर त्या मुंबईच्या पोरांची नावंच नावं होती. सगळे लॅपटॉपवाले. त्यांच्यातल्या कुणाला म्हटलं नव्हतं, तुझ्यासारखे ढीगभर आहेत. एकाला घ्यायला दुसऱ्याला काढलं नव्हतं. काढाकाढी फक्त आमच्यात. आणि ती करायला मी हेव्यापायी धावत आलो होतो.

मी पट्टा काढला. ढोल वाळूत ठेवला.

“मी ढोल वाजवत न्हाय.”

“येत नाही का तुम्हाला?”

“येतो. वाजवत न्हाय. माझी वायर लावून वाजवीन. न्हायतर प्रज्ञाला बोलवा.”

“काका, असं ऐन वेळी नका ना करू. तिचं बघू पुढच्या वर्षी.”

मी स्टँड मिटला. गेटपर्यंत पोचतोय तोच मागून ढोल ऐकू आला. लॅपटॉपवरून लावला होता.

तसाच प्रज्ञाकडे गेलो. दारात उभ्या उभ्या सगळं सांगितलं.  ती म्हणाली, “मला वाटलं, माझं काम भिकार हाय म्हणून काढलं. तवापास्नं लॅपटॉप उघडला न्हाय मी. तुमाला ठाव व्हतं, काका?”

“व्हय.”

“येतो म्हणालात, तवापण?”

“व्हय.”

ती बसा म्हणाली नाही. अजून नीट बोलत नाही. बोलावं असं मी म्हणणारही नाही.

यंदा महोत्सववाल्यांना पुन्हा किनारा हवाय. विषय ग्रामसभेत येणार आहे. ग्रामसभेत मी आजवर तोंड उघडलेलं नाही. मागे बसायचं, सही करायची, घरी यायचं. यंदा उभा राहणार. मी काय केलं ते आधी सांगणार, प्रज्ञासमोर आणि वरच्या आळीसमोर. मग परवानगी मागायला येणाऱ्या त्या मुलाला विचारणार, रात्री मोठ्या स्टेजवर आमची माणसं किती? त्यांच्या त्यांच्या यंत्रांसकट? पुन्हा एकच म्हणाला, तर माझा हात वर जाणार नाही. वाडीतला कुणाचाच जाऊ नये म्हणून मी घरोघर फिरतोय.

प्रज्ञाला रात्रीची वेळ मिळाली तर मी जळेन. मला माहीत आहे. ह्या वयात ते जायचं नाही. जळत जळत गर्दीत उभा राहीन. पण तिची जागा घेणार नाही, आणि तिला तिथून कुणाला काढूही देणार नाही.