मालदीवचं बोलावणं

मालदीवला मी अकरा वर्षं गणित शिकवलं. परत आल्यापासून हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं, ते मात्र गणिताचा मास्तर असूनही मला सांगता येणार नाही. नेकनूरमध्ये पूर्वी मला तानाजी सर म्हणायचे. आता मालदीव सर म्हणतात. ते आदरानं म्हणतात, असा माझा दोन महिने समज होता.

ते बेट केवढं, तर सकाळी चपला घालून निघालं की वीस मिनिटांत माणूस समुद्राच्या कडेकडेनं फिरून आपल्याच दाराशी. शाळेत सगळी मिळून एकशे तीस मुलं. आमच्या आठवडी बाजारात याहून जास्त शेळ्या येतात. पण इथं सांगताना ते बेट वाढत जातं. परवा सोमलिंगअप्पांच्या हॉटेलात मी त्याला दोन बंदरं आणि एक विमानतळ देऊन टाकला.

आणि तिथं असताना काय करत होतो? तर तिथल्या पोरांना नेकनूरचं कौतुक सांगून बेजार करत होतो. बिचाऱ्यांनी जन्मात डोंगर पाहिलेला नव्हता, त्यामुळे बालाघाट मला हवा तेवढा उंच करता आला. धारूरच्या किल्ल्याला तर मी एक दरवाजा जास्तीचा बसवला. ज्वारीच्या भाकरीचं वर्णन करताना माझा आवाज भरून यायचा. आता इकडं भाकरी समोर असली की मला खोबरं घातलेला तिकडचा मासा आठवतो. थोडक्यात काय, मी जिथं असतो तिथं माझं चित्त नसतं, आणि समोरच्याला त्याची झळ बसते.

ती सगळ्यात जास्त बसली आमच्या शेजारच्या छबुबाईला. दिवाळी झाली की छबुबाई नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाते, सहा महिन्यांनी परत येते. एकदा मी तिला तिकडच्या पावसाच्या पाण्याच्या टाक्यांबद्दल सांगत होतो. तिनं पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सर, आमी बी जातो की दर साली मुलूख सोडून. आल्यावर सांगत बसलो आस्तो, तर सांगता सांगता फुडला हंगाम आला आस्ता.” एवढं बोलून ती घागर घेऊन गेलीसुद्धा. टाक्यांचं अजून निम्मं सांगायचं राहिलं होतं.

हॉटेलात कुणी हसलं तरी मी मनाला लावून घेत नाही. घरातलं मात्र लागतं. मी गेलो तेव्हा माझी मुलगी संस्कृती तीन वर्षांची होती. आता नववीत आहे. मध्ये दरवर्षी महिनाभर मी यायचो, चॉकलेटं वाटायचो आणि जायचो. परत आलो तो कायमचा, पण घरानं हे कायमचं काही मनावर घेतलेलं दिसत नव्हतं. वनमाला, म्हणजे माझी बायको, मला जेवायला नवं ताट काढायची. संस्कृती विचारायची, “पप्पा, पाणी देऊ का? पप्पा, पंखा लावू का?” इतकी आदबशीर मुलगी बघून एखाद्या बापाचा ऊर भरून आला असता. माझा रिकामा होत होता. तिला गणित जड जातं, म्हणून ती पलीकडच्या गल्लीत क्लासला जायची. घरात अकरा वर्षांच्या परदेशी अनुभवासकट गणिताचा मास्तर बसलेला, आणि पोरगी वही घेऊन दुसऱ्याच्या दारात! मी एकदा म्हणालो, “मी घेतो की गं तुझं.” तर म्हणाली, “न्हाई पप्पा, तुमी आराम करा.”

आता मुख्य मूर्खपणा सांगतो. सोमलिंगअप्पांच्या हॉटेलात चहाचा कप खाली ठेवता ठेवता, कुणाकडेही न बघता मी म्हणालो, “तिकडून पुन्हा बोलावणं आलंय. बघू.”

कुणाचंही बोलावणं आलेलं नव्हतं. करार संपला तेव्हा त्यांनी मला एक छानसं पत्र आणि माडाचं चित्र असलेली ट्रॉफी देऊन वाटेला लावलं होतं. आता त्यांचीच माणसं गणित शिकवायला तयार झाली होती. माझ्या जागेवर जी आली, ती माझीच विद्यार्थिनी. तिचा मला अभिमान वाटला आणि रागही आला, दोन्ही खरं. गावात मात्र मी ‘आता पुरे म्हटलं, आलो सोडून’ असं सांगून ठेवलेलं.

मग ही थाप कशाला? माझा हिशेब सरळ होता. बातमी हॉटेलातून घरी पोचेल. संस्कृती ती ऐकेल. आणि एकदा, एकदाच म्हणेल, “पप्पा, जाऊ नका.” एवढंच मला हवं होतं. चाळीशी ओलांडलेला माणूस चौदा वर्षांच्या पोरीकडून एक वाक्य काढून घ्यायला असा आडमार्गानं निघाला होता.

पण हॉटेल आणि घर यांच्या मध्ये एसटी स्टँड आहे आणि स्टँडवर विजयसिंह भैया मित्रमंडळ आहे, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. आमच्याकडे कुणी निवडून आला, पास झाला, नुसता दवाखान्यातून घरी आला, तरी बॅनर लागतो. आधी लावतात, खरं-खोटं नंतर बघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालो, तर स्टँडच्या तोंडाशी मीच लटकत होतो. ‘नेकनूरचे भूमिपुत्र, गणिततज्ज्ञ मा. तानाजी सर यांना मालदीव सरकारने पुन्हा सन्मानाने बोलावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ मागे विमान होतं. समुद्राच्या जागी बर्फाचा डोंगर होता. माझा फोटो पासपोर्टचा, बटाट्याएवढा. विजयसिंह भैयांचा दरवाजाएवढा, आणि खाली गॉगल लावलेले वीस-बावीस शुभेच्छुक, ज्यांतल्या निम्म्यांना मी नापास केलं होतं.

मी घाईघाईनं भैयाला फोन लावला. म्हणालो, “अहो, अजून काही नक्की नाही.”

“सर, तुमचा ह्योच साधेपणा लई आवडतो आपल्याला,” भैया म्हणाला. “आईतवारी सत्कार ठेवलाय. फेटा, शाल, समदं हाय. आपुन फक्त भाषण करायचं, तिकडं कसं हाय ते.”

अकरा वर्षं ज्या भाषणाची मी वाट पाहिली, ते असं माझ्या अंगावर आलं.

त्यानंतरचे चार दिवस मी तोंड लपवत हिंडलो. त्यात सोमलिंगअप्पांनी गाठलं आणि पुतण्याचं तिकडं काही जमतं का विचारलं. मी ‘बघतो’ म्हणालो, कारण ‘नाही’ म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्याकडे असती तर ही वेळच आली नसती. छबुबाई शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी घेऊन आली. “तिकडं मासे खाऊन जीव उबगत आसंल. घ्या, म्हैनाभर ऱ्हाती.” तिच्या हातची चटणी घेताना मला जी लाज वाटली, ती बॅनर बघूनही वाटली नव्हती.

घरी वनमालेनं माळ्यावरची बॅग काढून, पुसून उन्हात ठेवली होती. “कधीचं तिकीट हाय?” तिनं विचारलं. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात कंप नाही. मला राग आला. मी म्हणालो, “तुला काहीच वाटत नाही का? जाऊ नका असं तरी म्हण.”

तिनं बॅगेची चेन उघडून आत बघितलं. “पैल्या बारीला म्हणलं होतं की,” ती म्हणाली. “तवा कुठं थांबलाव?”

मी पंख्याखाली जाऊन बसलो.

बातमी ऐकून संस्कृती फक्त “बरं” म्हणाली होती. ताटात अर्धी भाकर ठेवून उठायची. मी मनाशी म्हटलं, चाचणी परीक्षा असेल. दुसऱ्यांच्या पोरांच्या चेहऱ्यावरून कुठलं गणित अडलंय ते मी ओळखायचो. घरचं काही ओळखता येत नव्हतं.

शनिवारी दुपारी शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“पप्पा, जायच्या दिशी गाडी किती वाजता हाय?”

“का गं?”

“मला उठवून जा.” ती बॅगेकडं बघत बोलत होती. “दर बारीला तुमी पाचच्या गाडीनं गेलाव. मी उठायचे तर तुमची चप्पल न्हाई. मम्मी म्हणायची, झोपेत आसताना गेलं की पोरगी रडत न्हाई. मी उठल्यावर रडायचे. ते तुमाला कुणी सांगितलं न्हाई.”

मला ते खरोखर कुणी सांगितलं नव्हतं. मी मात्र बेटावर अभिमानानं सांगायचो, आमची पोरगी लई समजूतदार, जाताना कधी रडत नाही.

मी म्हणालो, “संस्कृती, मी जात नाही.”

“मंजी?”

“बोलावणंच आलेलं नाही. मी हॉटेलात उगाच फेकली. त्यांना आता माझी गरज नाही.”

मला वाटलं, आता गळ्यात पडेल. निदान हसेल. पण तिचं नाक लाल झालं आणि तिनं दप्तराला एक लाथ घातली.

“खोटं? समदं खोटं? मी चार दिस झाले नीट जेवले न्हाई! वर्गात पोरी इचारतेत, तुझे पप्पा कधी चालले, आन मी मुतारीत जाऊन रडून येते. कावून केलं असं? लहान हाव का तुमी?”

आवाज ऐकून वनमाला बाहेर आली. “संस्कृती! बापाशी असं बोलतेत का?”

“बोलू दे,” मी म्हणालो.

संस्कृती थांबणारही नव्हती. बोलण्यात तिनं बॅनर काढला, चॉकलेटं काढली, मी विसरलेले तीन वाढदिवस काढले, फोनवर दर वेळी ‘अभ्यास कसा चाललाय’ एवढंच विचारायचो तेही काढलं. मी मान खाली घालून ऐकत होतो. सगळं खरं होतं आणि सगळं झोंबत होतं. पण आतून मला भलतंच बरं वाटत होतं. परत आल्यापासून या घरात माझ्यावर कुणी आवाज चढवला नव्हता. पाहुण्यावर कोण ओरडतं?

“आधी तो बॅनर काढा,” ती शेवटी म्हणाली. “आत्ताच्या आत्ता. चला.”

“उद्या सकाळी लवकर, गर्दी नसताना...”

“आत्ता.”

तेव्हा शनिवारी दुपारी चार वाजता, बीडची गाडी लागायच्या वेळेला, मी सोमलिंगअप्पांची शिडी स्टँडच्या खांबाला लावली आणि पक्कड घेऊन वर चढलो. संस्कृती खाली शिडी धरून उभी. मंडळाच्या पोरांनी तारा इतक्या घट्ट आवळल्या होत्या की माझं बोलावणं खरं असतं तर बॅनर दुसऱ्या करारापर्यंत टिकला असता. खाली माणसं जमली. चौसाळ्याचे दोन अनोळखी प्रवासीही चहा सोडून आले.

छबुबाई बाजाराची पिशवी घेऊन चालली होती, ती थांबली. “सर, कावून काढताव? उद्या तर सत्कार हाय ना?”

मी वर लटकल्या लटकल्या शब्द शोधू लागलो. तांत्रिक अडचण, व्हिसाचा घोळ, तिकडचं हवामान. तीन-चार थापा जिभेवर अगदी तयार होत्या.

“पप्पाला कुणी बोलावलं न्हाई,” संस्कृतीनं खालून खणखणीत आवाजात सांगितलं. “ते कुठंबी जाणार न्हाईत. घरीच ऱ्हाणार हायेत.”

सगळा स्टँड हसला. सोमलिंगअप्पा तर गाळणी हातात धरून हसत होते. अकरा वर्षांत जमवलेली इज्जत चार वाजून दहा मिनिटांनी खलास झाली, आणि मला रडू येत होतं. शिडीवर असताना डोळे पुसता येत नाहीत, म्हणून मी तसाच थांबलो.

“पप्पा, खाली काय बघताव?” ती ओरडली. “ती दुसरी तार सोडा. आन पाय नीट ठेवा, पडताल.”