काढलं कुणी? बोलावलंच नाही

माझी मावशी कुणाच्या पाठीमागे बोलत नसे. शिवीसुद्धा तोंडावर. शेजारणीची डाळ करपली तर आपल्या घरात नाक मुरडायचं सोडून ही थेट तिच्या चुलीपाशी जायची, "बाई, तुयी दाय जयली." माणसं दुखावत, पण गल्लीतलं भांडण मिटवायला बोलावणं तिलाच येई.

अकोल्याच्या एका जिनात, कापसाच्या कारखान्यात, ती रेच्याच्या यंत्रावर होती. कापूस टाकायचा, सरकी वेगळी करायची. पट्ट्यावरचं लोखंडी झाकण शेठने काढून ठेवलेलं. ते उघडण्यात वेळ जातो म्हणे! एके दिवशी शेजारच्या रेच्यावरच्या गिरजेचा पदर पट्ट्यात गेला, आणि पदरासोबत हात. शेठ म्हणाला, बाईचाच निष्काळजीपणा.

फॅक्टरी इन्स्पेक्टर आला. भला माणूस. मावशीला बाजूला घेऊन म्हणाला, "कोण बोललं ते कायद्यानं गुप्त राहतं. निर्धास्त सांगा." इथेच तिनं घोटाळा केला. "गुपचूप सांगनं म्हंजे चुगली झाली, सायेब," म्हणाली आणि शेठच्या समोर उभी राहून सगळं सांगून मोकळी झाली. झाकण बसलं. गिरजेला भरपाई मिळाली. जाताना इन्स्पेक्टर म्हणाला, यासाठी तुम्हाला कुणी काढू शकत नाही.

काढलं नाहीच. उन्हाळ्यात हंगाम संपला, साऱ्याच बाया घरी बसल्या. दिवाळीच्या सुमाराला जिन सुरू होताना मुकादम गल्लीत दारोदार हाक देत फिरे. ती हाक हीच आमची नेमणूक. त्या साली मावशी भाकरी बांधून उंबऱ्यात बसली होती. मुकादम आमचं दार सोडून पुढे गेला. मेल्यानं मानसुद्धा वळवली नाही.

लेबर ऑफिसातला साहेब म्हणाला, "कामावरून काढल्याचा हुकूम दाखवा." आता नसलेला हुकूम आणायचा कुठून? अमरावतीच्या जिनांपर्यंत ती जाऊन आली, पण तिच्याआधी तिचं नाव पोचलं होतं. जळो तो कायदा!

काही दिवसांनी मुकादम आमच्या दारात आला, तो माझ्यासाठी. "बाई, तुयी जागा खाली हाय. भाचीले धाड." मी फणकारले, मी नाही जायची. मावशी माझ्यावरच भडकली. "काहून नायी? खाशीन काय? जाय!" कापसाच्या धुळीसाठी तोंडाला फडकं तिनंच बांधून दिलं.

त्याच रेच्यावर माझे केस पांढरे झाले. दोन्ही हात शाबूत आहेत. मावशी दुसऱ्यांच्या वावरात तण निंदता निंदता गेली. तिच्या मातीला जिनातली एकही बाई आली नाही; शेठच्या डोळ्यावर यायची भीती. गिरजासुद्धा आली नाही.