आसरांचं कुंकू

त्याने कानफटात अशी हाणली की डोळ्यापुढे अंधारी आली, तांब्या फरशीवर गडगडला, अन् छातीशी धरलेली पोर निसटली. सव्वा महिन्याची पोर! मी तिचं फडकं धरलं, त्याने तिचा दंड धरला. पोर अशी किंचाळली की म्युझियमातली माणसं धावत आली.

तो तिथला वॉचमन. चूक माझीच, मी कुठं नाही म्हणते? पण ऐका.

आमच्या खानदेशात सव्वा महिना झाला की बाळंतीण पाण्याकाठी साती आसरांना जाते. सात बहिणी, पाण्याच्या देवी. त्यांना हळदकुंकू लावायचं, बाळ पायाशी घालायचं. पहिल्या पोरीच्या वेळी मी गावापासून लांब, शहरातल्या लिंबायत वस्तीतल्या खोलीत, कुठं विहीर अन् कुठल्या आसरा, नळालाच कुंकू लावलं. ती तिसऱ्या महिन्यात गेली. सासू उठता-बसता एकच, "तू आसरास्ना पाया पडनी नही, म्हनीसन पोर गयी."

आता ही दुसरी. शेजारची वहिनी एका लहानशा म्युझियमात झाडूपोछा करायची. म्हणाली, "जुन्या विहिरीतला दगड आणलाय, सात बाया कोरल्यात. आधीची लोकं पाणी कसं पुजायची, तेच सगळं मांडलंय." मी चौथी शिकलेली. देव आहे तर पूजा करायची, मला एवढंच कळतं. तीच मला आत घेऊन गेली. दोरी ओलांडली, तांब्याभर पाणी ओतलं, साती जणींना हळदकुंकू लावलं, पोर पायाशी घालायला वाकले, तेवढ्यात हा आला.

मग मीही तांब्या उचलला अन् त्याच्या कपाळात घातला. रक्त त्याच्या खाकी शर्टावर, पोरीच्या टोपऱ्यावर. पण पोर सोडली नाही त्याने. उलट माझ्या हातातून हिसकून घेतली.

"पुराना पथ्थर बिगाड दिया! अपने हाथ से साफ कर, तब छोकरी मिलेगी. नहीं तो पोलीस!"

वहिनीने ओला पोछा माझ्या हातात कोंबला. "पूस गं बाई, पूस! येडा झालाय तो."

देवीचं कुंकू पुसू? ज्या हाताने लावलं त्याच हाताने? कुंकू पुसणं म्हणजे काय, बाईमाणसाला सांगायला नको. अन् तिकडे पोर काळीनिळी झालेली, तोंड उघडं पण आवाजच निघेना.

पुसलं मी. साती जणींचं पुसलं. रडत, शिव्या देत, त्यालाही अन् त्यांनाही. पोर हातात आली तशी पायऱ्या उतरून पळत सुटले, चप्पलही तिथंच राहिली.

घरी सासूने विचारलं, "पुजी उनी का?"

मी "हो, पुजून आले" म्हटलं.

पोर आता चालायला लागली. पण साधं अंग तापलं तरी मी रात्रभर तिच्या उशाशी बसते, अन् का बसते ते घरात कोणाला सांगता येत नाही. बायांनो, तुम्हीच सांगा, पोर त्याच्या मुठीत अन् पोछा तुमच्या हातात, तुम्ही काय केलं असतं?