न पुसलेलं पातं

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी सत्तावीस वर्षं टूलरूममध्ये काढली. बोथट हत्यार दिसलं की मला राहवायचं नाही. निवृत्त झाल्यावर कोपरीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी गुलाब लावले आणि सिकेटरला, म्हणजे छाटणीच्या कात्रीला, अशी धार लावली की बोटाएवढी फांदी एका दाबात खाली यायची. हळूहळू इमारतीतल्या सगळ्यांची छाटणी माझ्याकडेच आली. आपण लोकांच्या उपयोगी पडतो, याची मला चांगलीच घमेंड होती.

तिसऱ्या मजल्यावर पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई एकट्या राहायच्या. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे अकरा गुलाब होते. धाकट्या बहिणीने कल्याणहून एकेक करून आणून दिलेले. ती बहीण गेली, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. बाई फक्त पौर्णिमेला बुद्धमूर्तीपुढे ठेवण्यापुरती फुलं तोडायच्या.

ऑक्टोबरात पाऊस थांबला तसं त्या म्हणाल्या, "भाऊ, यंदा माझी झाडंही तुम्हीच छाटा. माझा हात थरथरतो हल्ली."

त्या सकाळी आधी मी माझ्या कुंड्या उरकल्या. एका झाडाचे शेंडे काळे पडले होते. पावसाने कुजले असतील म्हणून मी ते कापले आणि तोच सिकेटर घेऊन बाईंच्या झाडांकडे गेलो. अकराच्या अकरा छाटली.

पंधरा दिवसांत नवे कोंब फुटायला हवे होते. त्याऐवजी जिथे जिथे मी कापलेलं, तिथून फांद्या काळ्या पडायला लागल्या. काळेपणा वरून खाली सरकत होता. माझ्या झाडांचंही तेच झालेलं. रविवारी एक फांदी पिशवीत घालून मी शीळफाट्याजवळच्या एका नर्सरीत गेलो.

नर्सरीवाल्या बाईने फांदी उभी चिरून दाखवली. आतून ती तपकिरी झाली होती.

"बुरशी आहे ही. कापलेल्या जागेतून आत शिरते आणि शेंड्याकडून झाड मारत येते. आतला गर पांढरा लागेपर्यंत खाली कापा. दर कापाला पातं स्पिरिटने पुसा. जखमेवर मोरचूद-चुन्याची पेस्ट लावा आणि कापलेलं जाळून टाका, कुंडीत ठेवू नका." मग तिने विचारलं, "छाटताना सिकेटर पुसलेला ना?"

मी "हो" म्हणालो.

घरी येऊन माझ्या झाडांवर तिने सांगितलेलं सगळं केलं. बाईंना सांगायला मात्र धीर होईना. उद्या सांगू, असं रोज म्हणायचो. पुढच्या सोमवारी गच्चीवर गेलो तर बाई स्वयंपाकघरातली कात्री घेऊन वाकलेल्या. काळे शेंडे कापून त्याच कुंड्यांत टाकत होत्या आणि वरून पाणी घालत होत्या.

"खत कमी पडलं असेल का हो?" त्यांनी विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. माझ्या झाडाचे काळे शेंडे, न पुसलेलं पातं, शीळफाटा.

त्यांनी कात्री कठड्यावर ठेवली. "तुम्हाला कळलं कधी?"

"कालच्या नाही, त्याआधीच्या रविवारी."

"म्हणजे आठ दिवस." त्या म्हणाल्या. "छाटताना लक्षात आलं नाही, ते मी समजू शकते. पण भाऊ, हे आठ दिवस मी रोज इथे कापत होते. आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत."

सात झाडं बुंध्यापर्यंत काळी झाली होती. उरलेल्या चारांना मी पेस्ट लावली. त्यातली तीन डिसेंबरपर्यंत वाळली. एक जगलं, ते बाईंनी खाली आपल्या खिडकीत नेलं.

दहा कुंड्यांतली माती पुन्हा वापरायची नव्हती. ती गोणीत भरून मी चार खेपांत खाली उतरवली. बाईंनी प्रत्येक वेळी गच्चीचं दार उघडून धरलं आणि शेवटच्या खेपेला "थँक्यू" म्हणाल्या. एरवी अशा कामानंतर त्या मला चहाला थांबवायच्या.